सकाळचं प्रोटीन आदल्या रात्रीच ठरतं

गेल्या वर्षी सासूबाईंना जिना चढताना मांड्यांत बळ नसल्यासारखं वाटायला लागलं. सगळ्या तपासण्या ठीक आल्या, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “आजी, प्रोटीन काय खाता?” त्या लगेच म्हणाल्या, “रोज सकाळी चार भिजवलेले बदाम खाते की.” घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर चार कोरडे बदाम ठेवले. पाच ग्रॅम भरले. बदामात १०० ग्रॅममागे साधारण २१ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे चार बदामांतून जेमतेम १ ग्रॅम. त्यांची दिवसाची गरज पन्नासच्या घरातली.

मग तो आठवडाभर मी आमचा रोजचा नाश्ताच मोजत बसले. एका माणसाच्या कांदेपोह्यांना ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात, त्यात ४ ग्रॅम प्रोटीन. वरून दहाबारा शेंगदाणे, म्हणजे आणखी दीड ग्रॅम. उपम्याचा रवा ५० ग्रॅम, त्यातून साडेपाच. चहा आणि दोन टोस्ट मिळून पाचसुद्धा नाही. साबुदाण्यात तर प्रोटीन जवळजवळ नसतंच, खिचडीत जे मिळतं ते सगळं दाण्याच्या कुटाचं. पोट मात्र या प्रत्येक नाश्त्याने भरायचं, म्हणून कधी शंका आली नाही. साडेपाचला गजर, सहा चाळीसला मुलाची स्कूलबस, सव्वासातच्या आत मला स्टेशन गाठायचं असतं. या गडबडीत नाश्त्याला पंधरा मिनिटं मिळतात आणि त्या पंधरा मिनिटांत ताटात काय पडतं याचा विचार करायला कुणाला वेळ असतो?

दुपारची आमटी भरून काढेल म्हणावं, तर तिचीही गोष्ट तशीच. आमच्याकडच्या पातळ आमटीच्या एका वाटीत २० ग्रॅमच्या आसपास डाळ जाते, म्हणजे साडेचार ग्रॅम प्रोटीन. रोज वरण-आमटी होते, त्यामुळे डाळ भरपूर खातो असं वाटतं. प्रत्यक्षात आपण डाळीचं पाणी भरपूर खातो.

किती लागतं, आणि सकाळीच कशाला

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे आकडे दिले, त्यांत प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत यावर रोज २२ ग्रॅम जास्त. पण हा हिशेब चांगल्या प्रतीच्या, नीट पचणाऱ्या प्रथिनांचा आहे. ज्या घरात जेवण मुख्यतः पोळी-भात-भाकरीवर चालतं आणि दूध-अंडी बेताची असतात, तिथे किलोला १ ग्रॅम धरावं. आकडेमोडही सोपी होते. साठ किलो वजन, साठ ग्रॅम प्रोटीन.

त्यातलं नाश्त्याला किती? मी १५ ग्रॅम धरते. साठाचा चौथा हिस्सा. दोन जेवणं आणि संध्याकाळचं थोडं खाणं यांतून बाकीचं जमवता येतं. नाश्त्यात पाचच ग्रॅम गेले तर मात्र पुढे ५५ ग्रॅमचा डोंगर उरतो आणि तो दुपार-रात्रीच्या साध्या जेवणात पार होत नाही.

सकाळचा आग्रह धरण्यामागे शरीराचं एक साधं कारण आहे. चरबी शरीर साठवतं, साखरही यकृतात आणि स्नायूंत थोडीफार साठवतं. प्रथिनांसाठी मात्र अशी वेगळी कोठी नाही. प्रथिनांचा साठा म्हणायचा तर तो आपला स्नायूच. रात्री नऊला जेवून सकाळी सातपर्यंत दहा तास पोटात काही जात नाही. या काळात दुरुस्तीची कामं चालूच असतात आणि त्यांना लागणारा माल स्नायूंमधून थोडाथोडा काढला जातो. सकाळच्या जेवणाने ती उधारी फिटायची असते. तरुणपणी ती सहज फिटते. साठी ओलांडली की स्नायू जरा सुस्त होतात, एका वेळी चारपाच ग्रॅम मिळून त्यांना पुरेसा इशाराच पोचत नाही. म्हणून सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक खाण्यात डाळ, दूध, अंडं यांतलं काहीतरी ठळक दिसलं पाहिजे. आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज करायचा. स्नायूला काम दिलं नाही तर नुसतं खाऊन तो वाढत नाही.

दुसरं कारण मला स्वतःला जास्त जाणवतं. प्रोटीन असलेलं अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि पोट भरल्याची जाणीव जास्त वेळ टिकते. पोह्यांच्या दिवशी अकरा वाजता ऑफिसात माझा हात बिस्किटांच्या पुड्याकडे जायचा. धिरड्यांच्या दिवशी एक वाजेपर्यंत आठवणही होत नाही. यामुळे वजन आपोआप उतरतं वगैरे मी म्हणणार नाही, मधलं अरबटचरबट खाणं कमी होतं एवढं नक्की.

खिळ्यांची पेटी

माझे आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशात ओतलेल्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ तयार करायची. ते सांगायचे, पेटीत ‘क’ आणि ‘र’ कितीही असू देत, ‘ळ’ संपला की काम थांबलं. प्रोटीनचं अगदी असंच आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब ओळ. एकूण २० प्रकारचे खिळे. त्यांतले ९ शरीराला स्वतः ओतता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. आपण खाल्लेली डाळ पोटात गेली की तिची ओळ मोडून सगळे खिळे सुटे होतात आणि शरीर त्यांतून आपल्याला हवे ते शब्द जुळवतं. एखादा खिळा कमी पडला की बाकीचे पडून राहतात आणि शेवटी जळणासारखे वापरले जातात.

तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी या सगळ्या धान्यांत लायसीन नावाचा खिळा कमी असतो. हा आपला ‘ळ’. डाळी-कडधान्यांत लायसीन भरपूर, पण त्यांच्याकडे मेथिओनीन कमी, आणि ते धान्यात बऱ्यापैकी असतं. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या की ओळ पूर्ण होते. प्रमाण कच्च्या मालाचं धरायचं, धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग. राष्ट्रीय पोषण संस्थाही हेच सांगते. दोन्ही एकाच घासात यायला हवं असंही नाही, दिवसभरात जमलं तरी चालतं. पण एका ताटात आलं की लक्षात ठेवायचं काही उरत नाही.

अंडं, दूध, मासे, मटण यांत नऊही खिळे पुरेसे असतात. सोयाबीनही त्यांच्या जवळपास पोचतं.

हे एकदा कळलं की आपल्याकडचे जुने नाश्ते वेगळे दिसायला लागतात. खानदेशातली कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले. कोकणातल्या आंबोळीत तांदूळ आणि उडीद, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. नागपूरचे तर्री पोहे तर मला नाश्त्याचा उत्तम नमुना वाटतात, पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घालायचा हे ज्याला सुचलं त्याने नेमकी पोह्यांत नसलेली गोष्ट वर ओतली. गोव्यात सकाळी पावाबरोबर अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी खातात, तेही तेच. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्याबरोबर हरभरा डाळ, उडीद डाळ असतेच. शेतात जे शेजारी पिकायचं, बाजरीच्या ओळींत मटकी, ज्वारीत तूर, तेच चुलीवर एकत्र यायचं. शहरात आल्यावर धान्याचा भाग तेवढा राहिला, कारण तो पटकन होतो. पोहे भिजवायला पाच मिनिटं पुरतात, हरभऱ्याला रात्र लागते. सकाळच्या घाईचा मूळ तिढा हा आहे.

रात्रीची दहा मिनिटं

म्हणून मी आता नाश्त्याचं काम रात्री जेवणं आटोपल्यावर, ओटा पुसायच्या आधी करते. मुगाच्या धिरड्यांचंच घ्या, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतात.

चौघांसाठी पाव किलोला थोडे कमी, २४० ग्रॅम हिरवे मूग. रात्री साडेनऊला धुऊन भरपूर पाण्यात भिजवायचे. सकाळपर्यंत ते फुगून दुप्पट होतात आणि बोटांत दाबले की साल सरकते. पाणी काढून टाकून मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घ्यायचे, त्यात बोटभर आलं, तीन मिरच्या, चमचाभर जिरं, मूठभर कोथिंबीर, दोन टेबलस्पून तांदळाचं पीठ. तांदळाच्या पिठाने कडा कुरकुरीत होतात आणि धान्याची पेटीही आली. पाणी बेतानेच. पीठ पळीवरून सलग पडलं पाहिजे, तुटक पडलं तर धिरडं जाड होतं आणि मधे कच्चं राहतं. तवा तापला की पाण्याचा शिपका मारायचा, चर्रर झालं की पीठ घालून वाटीच्या बुडाने आतून बाहेर गोल फिरवायचं. कडेने थेंबभर तेल. वरचा ओला हिरवा रंग मावळून फिकट झाला आणि कड स्वतःहून सुटली की उलटायचं. घाई करून उलथनं घातलं तर मधून फाटतं.

दोन तवे एकदम ठेवले तर आठ धिरडी पंधरा मिनिटांत होतात. माणशी दोन धिरडी, म्हणजे ६० ग्रॅम मूग, म्हणजे १४ ग्रॅम प्रोटीन. सोबत अर्धी वाटी दही घेतलं की सोळा-सतरा. मुलगा आत दाण्याची चटणी लावून गुंडाळी करून बसमध्ये खातो. सकाळी मिक्सर लावणं नको असेल तर मूग संध्याकाळीच भिजवून रात्री झोपताना वाटून फ्रिजमध्ये ठेवावेत, दोन दिवस चांगले राहतात. मीठ तेवढं सकाळी घालायचं, आधी घातलं तर पीठ पातळ होतं.

काहीच भिजवलं नसेल अशी सकाळ येतेच. तेव्हा बेसन. माणशी ५० ग्रॅम बेसनाचा कांदा-टोमॅटो घालून पोळा केला की ११ ग्रॅम मिळतात, आणि त्याला कुठली पूर्वतयारी नाही. रात्रीची भाकरी उरली असेल तर तिच्याबरोबर पिठलं. ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं नऊ ग्रॅमच्या आसपास देतं आणि एक ज्वारीची भाकरी सहा. हे पंधरा ग्रॅम कुठल्याही महागड्या नाश्त्याला हार जाणार नाहीत. कुळथाचं पीठ मिळत असेल तर त्याचं पिठलं करावं, कोकणात घरोघरी असतं. कुळथातही १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि चव बेसनापेक्षा कितीतरी खमंग.

पोहे सोडायची तर मुळीच गरज नाही. ६० ग्रॅम पोह्यांत दहा-बाराऐवजी चांगली मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाणे घातले की त्यांतून साडेसात ग्रॅम मिळतात. आता इथे एक बारकावा आहे. शेंगदाणा कडधान्यांचा भाऊ असला तरी त्याच्यात लायसीन थोडं कमीच, म्हणजे ‘ळ’ची टंचाई तो एकटा भागवत नाही. आणि तीस ग्रॅम दाण्यांत चौदा ग्रॅमच्या आसपास तेल असतं, तेव्हा दाणे दुप्पट-तिप्पट करत जाणं हा काही उपाय नव्हे. त्यापेक्षा फोडणीतच अर्धी वाटी वाफवलेली मोड आलेली मटकी परतायची आणि मग पोहे घालायचे. चार, साडेसात, साडेचार, मिळून सोळा. उपम्यातही हाच प्रकार चालतो, मटकीच्या जागी मटार किंवा भिजवलेली मुगाची डाळ.

मोड आले म्हणून प्रोटीन वाढत नाही

हे मला कळायला बराच उशीर लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते. मोड आणलेल्या कडधान्यात प्रोटीन दुप्पट होतं असं मी लहानपणापासून ऐकत आले. १०० ग्रॅम कोरडी मटकी घेऊन मोड आणले आणि पुन्हा काट्यावर ठेवली तर २१० ग्रॅम भरली. वाढलेलं सगळं वजन पाण्याचं. आतलं प्रोटीन आधीही वीसेक ग्रॅम होतं, आताही तेवढंच. फक्त ते आता २१० ग्रॅमभर पसरलंय. म्हणून मोड आलेल्या मटकीच्या १०० ग्रॅममध्ये साडेनऊ-दहाच ग्रॅम असतात, आणि वाटीभर मोड बघून वाटीभर कडधान्य खाल्लं असा हिशेब केला तर तो निम्म्याने चुकतो.

मग मोड आणायचेच कशाला? त्यांचे फायदे वेगळे आहेत. कडधान्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, मोड आले की ते कमी होतं. पचनात अडथळा आणणारे काही घटक कमी होतात. कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. पोट फुगवणाऱ्या शर्कराही घटतात. हे सगळं मोलाचं आहे, आणि शिवाय उसळ चवीला कितीतरी छान लागते.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मोड येतात ती उबदार, ओलसर जागा जंतूंनाही तितकीच आवडते. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊ नयेत, पाच-सात मिनिटं वाफ द्यावी. वर लिंबू पिळावं, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. आणि उसळीबरोबर लगेच चहा घेऊ नये, चहातली टॅनिनं त्याच लोहाला अडवतात. तासभर थांबणं सकाळी अवघड असतं हे मला मान्य आहे. आमच्याकडे चहा उठल्या उठल्या होतो आणि नाश्ता नंतर, एवढी सोय आपोआप झाली.

उसळ करताना मी एकदम दोन दिवसांची करते. मिसळीत चवीला मजा येते ती कट आणि फरसाणाची, पण प्रोटीन असतं ते खालच्या उसळीत. घरी केली तर उसळ पळीभर जास्त आणि फरसाण चिमूटभर, एवढंच बघावं.

अंडं, दूध आणि टांगलेलं दही

अंड्याबद्दल फार लिहायची गरज नाही, घाईच्या सकाळसाठी त्याच्याइतकं सोपं काही नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम. रविवारी रात्री सहा अंडी उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवली की तीन-चार दिवस निघतात. पिवळं टाकून देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, एका अंड्यातलं साधारण अडीच ग्रॅम प्रोटीन पिवळ्यात असतं. गावरान अंडं आणि पांढरं अंडं यांच्या प्रोटीनमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. कच्चं अंडं दुधात फेटून पिण्याची जुनी रीत मात्र सोडावी. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन नव्वद टक्क्यांच्या आसपास पचतं, कच्च्यातलं निम्म्याच्या जवळपास. जंतूंची भीती वेगळी.

कोकणातल्या माझ्या माहेरी सकाळी भाकरीबरोबर रात्रीची माशाची आमटी असायची, नाहीतर जवळ्याची चटणी. सुकवलेल्या जवळ्यात प्रोटीन कोणत्याही डाळीच्या दुपटीहून जास्त असतं. मीठही तितकंच असतं, म्हणून चमचा-दोन चमचेच.

दुधाचं गणित लक्षात ठेवायला सोपं आहे. २०० मिलीच्या कपात सहा ते सात ग्रॅम. त्यात चॉकलेटची पावडर घातल्याने मुलाला ‘ताकद’ मिळते असं वाटतं, पण डब्यावरचा तक्ता वाचला तर दोन चमच्यांतून एक-दीड ग्रॅम प्रोटीन निघतं आणि बरीचशी साखर. तक्ता वाचताना आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका वेळच्या मापाचा, हे आधी बघावं. ‘हाय प्रोटीन’ लिहिलेल्या बिस्किटांनाही हाच नियम.

दह्याचं मला सगळ्यात आवडणारं रूप म्हणजे बिनसाखरेचा चक्का. रात्री अर्धा लिटर दुधाचं दही सुती फडक्यात बांधून गाळणीवर ठेवायचं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. सकाळी दोनशे ग्रॅमच्या आसपास घट्ट चक्का मिळतो, त्यात तेरा-चौदा ग्रॅम प्रोटीन. काकडी, मिरपूड, मीठ घालून भाकरीवर लावला की दोघांचा नाश्ता होतो. खाली पातेल्यात उरलेलं हिरवट पाणी फेकू नये, त्यातही थोडं प्रोटीन उतरलेलं असतं आणि तो हिरवट रंग बी-२ जीवनसत्त्वाचा आहे. मी त्यात कणीक भिजवते. आपण दूध उकळून मग विरजण लावतो याचा इथे एक छान फायदा होतो. उकळल्यावर दुधातलं पाण्यात विरघळणारं प्रोटीन न विरघळणाऱ्या प्रोटीनला चिकटतं आणि मग फडक्यातून निसटत नाही, चक्क्यातच राहतं.

सोयाबीन मराठवाडा-विदर्भात एवढं पिकतं, लातूरच्या बाजारात त्याचे ढीग लागतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते तेलाच्या पिशवीतूनच येतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. सोयाचे वडे, ज्यांना सगळे सोया चंक्स म्हणतात, त्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. माणशी २५ ग्रॅम वडे उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, दोनदा गार पाण्यात घट्ट पिळायचे म्हणजे तो उग्र वास जातो, आणि मिक्सरमध्ये जाडसर फिरवून पराठ्यात किंवा उपम्यात घालायचे. बारीक केल्यावर मुलाला कळतही नाही. कच्च्या सोयाबीनचं पीठ मात्र भाकरीत तसंच मिसळू नये. त्यात पचन अडवणारा घटक जोरदार असतो आणि तो नीट उष्णता मिळाल्याशिवाय जात नाही. दळण्याआधी सोयाबीन पाण्यात उकडून, वाळवून, भाजून घ्यायला हवं.

खायलाच वेळ नाही अशा दिवशी मी पर्समध्ये पुडी टाकते. २५ ग्रॅम फुटाणे आणि १५ ग्रॅम भाजलेले दाणे, ट्रेनमध्ये बसायला मिळो न मिळो, नऊ ग्रॅम पोटात जातात. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, खवट वास येणारे सरळ फेकून द्यावेत. बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

कुणी जपून राहायचं

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. त्यांना प्रोटीन मोजूनच खावं लागतं. बाकी निरोगी माणसाला दिवसभरात साठ-सत्तर ग्रॅम घरच्या जेवणातून मिळाल्याने काही त्रास होत नाही. व्यायामशाळेतल्या पावडरींबद्दल विचाराल तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने शरीर कमावण्यासाठी त्या घेऊ नयेत असंच म्हटलं आहे, आणि नाश्त्याला उसळ-अंडी असतील तर त्यांची गरजही पडत नाही.

ज्यांना इतकी कडधान्यं खायची सवय नाही त्यांचं पोट पहिले आठ-दहा दिवस फुगतं. पंधरा ग्रॅमवर एका दिवसात उडी घेऊ नये. आधी आठवडाभर पोह्यांतले दाणे वाढवा, मग आठवड्यातून एकदा धिरडी, मग दोनदा. भिजवलेलं पाणी टाकून द्यावं, त्या फुगवणाऱ्या शर्करा बऱ्याचशा त्या पाण्यात उतरतात. फोडणीत हिंग, आणि कडधान्य बोटांत सहज चिरडेल इतकं शिजलेलं. सासूबाईंना पहिल्या आठवड्यात मटकी जड गेली, म्हणून त्यांना सालाशिवायच्या मूगडाळीची धिरडी करून दिली. महिन्याभराने मटकीही पचायला लागली. बदाम त्यांनी सोडले नाहीत, सोडायचं कारणही नव्हतं. आता त्यांच्याबरोबर दोन धिरडी आणि दही असतं, आणि खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं झाल्याशिवाय त्या ताटाला हात लावत नाहीत.

ऋतूप्रमाणे वेळ थोडी सांभाळावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या मुगाला सकाळी आंबूस वास येतो, तेव्हा दोन तास बाहेर भिजवून मग भांडं फ्रिजमध्ये सरकवावं. पावसाळ्यात मोडांचं फडकं सकाळी एकदा सोडून मटकी धुऊन घ्यावी, नाहीतर चिकट होते. आणि डिसेंबरात मोड दोन-दोन दिवस येत नाहीत, त्या दिवसांत सासूबाई मटकी घट्ट पिळलेल्या फडक्यात बांधतात, ते गाठोडं झाकणाच्या डब्यात घालतात आणि डबा तांदळाच्या पिंपात मधोमध पुरून ठेवतात. सकाळी उघडला की आत अर्ध्या पेराएवढे मोड असतात.